भंडारदऱ्याची पिशवी

"कुठं जायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"भंडारदऱ्याला," अंकुश म्हणाला. "पोरीचा कॅम्प आहे. दोन दिवसांचा."

मी स्टुलावर टेकून चपलेतला खडा काढत होते. चप्पल हातातच राहिली. अंकुश माझा एकुलता एक मुलगा. पिठाची गिरणी चालवतो, गावातल्या कुठल्या घरात किती माणसं जेवतात ते दळणाच्या डब्यावरून सांगतो. आणि स्वतःची पोरगी कुठं चाललीय ते याला ठाऊक नाही? जागृती चालली होती हिमालयात. ऐन जानेवारीत, बर्फात तंबू ठोकून राहायला. महिनाभर घरात दुसरं बोलणं नव्हतं. गिरणीत येणाऱ्या बायका मला थांबवून विचारायच्या, "काकी, खरंच सोडताय का हो पोरीला?"

"अरे, भंडारदरा कुठला..." मी म्हटलं.

"आई, तू बस." माझ्याकडं न बघता.

मी बसलेलीच होते. बसलेल्या माणसाला 'बस' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ तोंड मिट असा असतो, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही. मी चप्पल पायात घातली. वाटलं, घोटाळा झाला असेल याचा. सुधारेल.

जागू तेव्हा पुण्यात कॉलेजात होती, दुसऱ्या वर्षाला. तिथं देवस्थळी म्हणून एक मॅडम पोरापोरींना डोंगरावर न्यायच्या. त्यांनी सांगितलं होतं, या बर्फातल्या फेरीत जी नीट टिकेल तिला उन्हाळ्यात चढाईच्या मोठ्या शिक्षणाला धाडू, आणि ते पुरं केलं की पगाराची नोकरी. जागूनं बूट एका मैत्रिणीचे मिळवले, जाड कोट कॉलेजचा मिळाला. निजायची पिशवी तेवढी मिळेना. ती आपापली आणायची होती. म्हणून ती सुट्टीला घरी आली तेव्हा बाप-लेक पुण्याला खरेदीला निघाले, आणि मी म्हटलं, मीही येणार. आमच्या घरात अंथरूण-पांघरूण मी घेते. सतरंजी असो, रजई असो, पाहुण्यासाठी चादर असो. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आमच्या घरात कोणी पांघरलेलं नाही.

पुण्यात उतरल्यावर जागू डॉक्टरचा दाखला आणायला गेली. जाताना दोनदा सांगून गेली, "मी येईपर्यंत घेऊ नका हां, बाबा. नुसतं बघून ठेवा." ती वळणावर दिसेनाशी झाली आणि अंकुशनं माझा दंड धरला. "चल चल, आटपून टाकू." एरवी हा माणूस साधी बनियन घ्यायची तर तीन दुकानं फिरतो.

दुकानदाराचं नाव ओक. चाळिशीचा, उन्हानं रापलेला. दुकानात तंबू टांगलेले, दोरखंडांची भेंडोळी, आणि एका कोपऱ्यात दोन कॉलेजातली पोरं लोखंडी कड्या वाजवून बघत होती. ओकांनी फळीवरून निळी पिशवी काढली. गुंडाळलेली होती, पाण्याच्या तांब्याएवढी. उलगडून काऊंटरवर पसरली. मी उठले, दोन बोटांत धरली. माझं बोट माझ्याच बोटाला लागलं.

"हे पांघरूण आहे का पापड?"

कोपऱ्यातली पोरं हसली. ओकही हसले. "आजी, भंडारदऱ्याला पुरेल हो. वजनाला हलकी, खिशालाही हलकी."

"हीच द्या," अंकुश म्हणाला. "बांधून टाका."

पिशवीला एक चिठ्ठी शिवलेली होती. अक्षरांशी माझं पटत नाही, पण आकडे मला दिसतात. दोन आकडे होते, एकाखाली एक.

"भाऊ, एका वस्तूला दोन भाव कसे?"

"भाव नाहीत ते, आजी. थंडीचे आकडे आहेत. वरचा आकडा म्हणजे एवढ्या थंडीत सुखानं झोप लागेल. खालचा म्हणजे अंगाचं मुटकुळं करून, कुडकुडत का होईना, रात्र निघेल. लोक खालचा बघून घेतात आणि परत आले की आम्हाला शिव्या देतात. आणि लेडीजनी तर वरचाच बघायचा, त्यांना थंडी लवकर चढते."

"वरचा दहाच आहे ना?"

"दहा."

"आणि बर्फात किती असतं?"

ओकांनी मान वर केली. "बर्फात? बर्फात शून्याच्या खाली जातं, आजी. उणे आठ, उणे दहा. बर्फात कोण चाललंय?"

"कोणी नाही," अंकुश घाईनं म्हणाला. "आईला टीव्ही बघून काहीबाही सुचतं."

तेव्हा मला कळलं, घोटाळा झालेला नव्हता.

ओकांना त्या पोरांनी हाक मारली म्हणून ते तिकडं गेले. मी अंकुशला तंबूच्या आडोशाला घेतलं. बाही धरूनच घेतलं, चाळीस पार केलेला बाप्या असला तरी.

"खोटं का बोललास?"

"हळू बोल, आई."

"मी हळू बोलते तेव्हा जास्त वाईट बोलते, ठाऊक आहे तुला. का बोललास?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत राहिला. लहानपणी गूळ चोरला की असाच कोरायचा. मग म्हणाला, "मी तिला नको म्हटलं का? एका शब्दानं तरी? पैसे देतोय, पिशवी घेतोय, स्टेशनवर सोडायला पण जाईन."

"मग?"

"मग काय... थंडी वाजेल. एक रात्र काढेल, दोन काढेल. त्या मॅडमच परत पाठवतील तिला. आपल्यावर बोल नको, तिच्या मनात अढी नको. आपली आपण येईल घरी, म्हणेल, बाबा, नाही जमत." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "घोलपांची माणसं संक्रांतीनंतर येणार आहेत बघायला. मुलगा बँकेत आहे, आई. असं स्थळ पुन्हा येतं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घोलप येणार हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, पण राग त्याचा नव्हता. पोरीला घरी आणायला यानं थंडीला सुपारी दिली होती. आपण हात पुसून मोकळा.

"आणि नाही आली तर?" मी विचारलं. "हट्टी आहे ती. दात वाजवत पडून राहिली, कोणाला बोलली नाही, आणि सकाळी उठलीच नाही तर?"

"काहीतरीच काय! सोबत माणसं असतात."

"माणसं आपापल्या पिशवीत असतात, अंकुश!"

हे मात्र मी हळू बोलले नाही. ओक वळले. पोरांच्या हातातल्या कड्या वाजायच्या थांबल्या. अंकुशचा चेहरा उतरला. त्यानं पाकीट काढलं आणि काऊंटरकडं गेला. "अहो, किती झाले? घ्या लवकर, आमची गाडी आहे."

मी त्याच्याआधी पोचले. ती निळी पिशवी ओढली, जमिनीवर टाकली, चेन खाली केली आणि लुगड्याचा काष्टा सावरून आत शिरले. गुडघे कुरकुरले, पण शिरले. गळ्यापर्यंत चेन ओढली आणि फरशीवर आडवी झाले.

"आई! काय चाललंय हे?"

"निजते."

"ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. कापड पारखून घेतेय मी. वापरायच्या आधी बघावं माणसानं." खालची फरशी अशी गार होती की पाठीतून थेट छातीत आली. पुण्यातली ती दुपार, बाहेर लख्ख ऊन, तरी मला हुडहुडी भरली. "गार लागतंय रे अंकुश. या दुकानातच गार लागतंय."

"आजी, खाली मॅट टाकतात, नुसती..." ओक बोलायला गेले.

"भाऊ, तुमच्या मालाला मी नाव ठेवत नाही. तुमचा माल भंडारदऱ्याचा आहे, तुम्ही खरं बोललात. ज्यानं खरं बोलायचं तो अजून बोलला नाही. तो बोलेपर्यंत मी इथून उठत नाही."

त्या पोरांपैकी एकानं फोन बाहेर काढला. मी म्हटलं, "फोटो काढायचा तर माझ्या लेकाचा काढ. मी रोज दिसते, तो असा रोज दिसत नाही." पोरानं फोन खिशात घातला.

अंकुश माझ्याजवळ उकिडवा बसला. कानाशी येऊन म्हणाला, "आई, तुला काय एवढं झोंबलंय? तुला तरी कुठं पसंत होतं तिचं जाणं? तूच म्हणालीस ना, पोरीच्या जातीला डोंगर कशाला?"

"म्हणाले. तोंडावर म्हणाले. तिनं माझ्या तोंडावर उत्तर दिलं, आम्ही भांडलो, संपलं. मी तिच्या पिठात वाळू नाही कालवली."

"मी काय वाळू कालवली? मी नाही म्हणालोय का..."

"तुझा बापही नाही म्हणाला नव्हता मला."

तो थबकला. त्याच्या बापाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी त्याच्याविषयी वाईट कधी बोलले नव्हते. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही म्हणून बोलले नव्हते.

"तू पाळण्यात होतास," मी म्हटलं. "गावात मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला. संध्याकाळी, शाळेच्या ओसरीवर. ज्याचा त्यानं कंदील न्यायचा. मी तुझ्या बापाला विचारलं, जाऊ का? तो म्हणाला, जा की. स्वतः कंदील दिला. काच स्वतः राखेनं घासून दिली, साऱ्या आळीनं बघितलं. चावडीवर सांगायचा, मी माझ्या बायकोला शिकवतोय. आणि रॉकेल घालायचा बोटभर."

ओक काऊंटरला टेकून उभे होते.

"वर्ग अर्ध्यावर आला की माझी वात फडफडायला लागायची. विझायच्या आत निघावं लागे, वाट उसातून होती. बाकीच्या बायका बसायच्या, मी उठायची. मास्तर म्हणायचे, बाई, तुमचं लक्ष लागत नाही. मला वाटायचं, कंदीलच खोटा आहे, पितोय तेल. शेवटी दिवाळीची झाडलोट काढली तेव्हा माळ्यावर डबा सापडला. रॉकेलचा. काठोकाठ भरलेला. मी 'ण'पर्यंत शिकले, अंकुश. पुढची अक्षरं फळ्यावर आली तेव्हा मी उसातून पळत होते."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? नाही म्हणाला असता तर भांडले असते. जा म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते मला आज कळलं. असं जमिनीवर पडून."

तेवढ्यात दारात जागू आली. घामाघूम, हातात डॉक्टरचा कागद. आधी तिनं बापाला उकिडवा बघितलं, मग मला.

"आजी! अगं, काय झालं? चक्कर आली का?"

"मला काही झालं नाही. तुझ्या बापानं पिशवी निवडलीय, ती बघतेय."

जागू वाकली. माझ्या मानेशी असलेली चिठ्ठी तिनं उलटी करून वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. पोरगी हुशार. बापाला काही विचारायच्या आधी तिनं ओकांना विचारलं, "तुम्हाला कुठं जायचं म्हणून सांगितलं?"

ओक अंकुशकडं बघायला लागले. भला माणूस. सांगितलं नाही त्यानं.

"सांग," मी अंकुशला म्हटलं. "तुझ्या तोंडानं सांग त्यांना, पोरगी कुठं चाललीय."

त्यानं दाराकडं बघितलं. मला वाटलं, उठून निघून जाईल. निघून गेला असता तर मी काय करणार होते ते मला ठाऊक नाही, त्या पिशवीची चेन लुगड्यात अडकली होती. मग तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, काऊंटरपाशी गेला आणि फळीवरच्या सामानाकडं बघत म्हणाला, "हिमालयात. उत्तराखंडात. बर्फातला कॅम्प आहे. मी मघाशी... चुकीचं सांगितलं."

"चुकीचं नाही," मी खालून म्हटलं.

"खोटं सांगितलं," अंकुश म्हणाला.

जागू रडली नाही. मी धरून चालले होते की रडेल. तिनं माझं लुगडं चेनीतून सोडवलं, मला उठवलं, ती निळी पिशवी नीट गुंडाळली आणि ओकांच्या हातात दिली. "ही नको. थंडीची दाखवा."

ओकांनी आधी एक काढली, पिसांची. हातात धरली तर ढग. किंमत ऐकून अंकुशनं भिंतीला हात लावला. जागू म्हणाली, "पिसांची नकोच. ओली झाली की कामातून जाते, आणि आपल्याला झेपणारी पण नाही. कृत्रिम कापसाची दाखवा. मागच्या सालातली असली तरी चालेल, रंग कसलाही चालेल."

ओक शिडीवर चढले आणि माळ्यावरून एक मोठं गाठोडं खाली टाकलं. भगव्या आणि मातकट रंगाची, कोणी न घेतलेली. वरचा आकडा शून्याच्या खालचा होता. मी चिमटीत धरून बघितलं. माझी बोटं एकमेकांना भेटली नाहीत.

"जरा मोठ्या मापाची घे," मी म्हटलं. "पुढं घरात पण कोणाला होईल."

"नाही आजी. मोकळी जागा राहिली की तेवढी आपल्यालाच तापवत बसावं लागतं. अंगाबरोबरच हवी." तिनं बूट काढले, आत शिरली, टोपडं डोक्यावर ओढलं. फक्त नाक दिसत होतं. नाकावर घाम आला.

"जड आहे पण," अंकुश म्हणाला. ती दुकानात आल्यापासून पहिल्यांदा तो तिच्याशी बोलत होता. "पाठीवर घेऊन चढायचंय."

"पाठ माझी आहे, बाबा," ती आतून म्हणाली.

पैसे अंकुशनंच दिले. मी देऊ दिले. ओकांनी आत घालायचं पातळ अस्तर आणि खाली टाकायची मॅट हातउसनी म्हणून दिली, आल्यावर परत करा म्हणाले. त्या दोन पोरांनी मला दार उघडून धरलं.

जागू हॉस्टेलवर गेली. आम्ही मायलेक एसटीत बसलो. मी खिडकीकडं तोंड केलं होतं, माझा राग अजून उतरला नव्हता. मंचरच्या पुढं गाडी रिकामी झाली तेव्हा अंकुश बोलला.

"आई, ती आता परत यायची नाही."

"बर्फात मरेल म्हणतोस?"

"नाही. मरणार नाही. म्हणून म्हणतोय."

मी पुन्हा खिडकीकडं तोंड केलं.

खरं बोलला होता तो. जागू ती फेरी पुरी करून आली, उन्हाळ्यात मोठ्या शिक्षणाला गेली, आणि आता तिकडंच असते, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात. पोरापोरींना चढायला शिकवते. घोलपांच्या मुलानं नारायणगावची मुलगी केली. जागू दिवाळीला येते, चार दिवस. स्वतःच्या घरात मला विचारते, "आजी, चहा टाकू का?" मी ओरडते तिच्यावर, पाहुणी आहेस का गं तू? ती हसते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते.

पाचव्या दिवशी ती सॅक भरायला घेते तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी आपटते. अंकुश येऊन चौकटीला धरून उभा राहतो. आता त्याचे केस पांढरे झालेत, पिठाचे कुठले आणि वयाचे कुठले ते कळत नाही.

"आई, तिला म्हण ना राहा म्हणून. आठ दिवस तरी. तुझं ऐकेल ती."

"मी कशाला? तुला हवी आहे ना? मग तू म्हण. सरळ तिच्या समोर जा आणि तोंडानं म्हण."

तो मान हलवतो. बाहेर जातो. ओसरीवर जागू बुटांच्या नाड्या बांधत बसलेली असते. तिच्यासमोर तो उभा राहतो, तोंड उघडतो, मी आतून हातातलं भांडं न वाजवता थांबते.

मग तो वाकतो, तिची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतो आणि स्टँडच्या दिशेनं तिच्या पुढं चालायला लागतो.